हिरडटोल्याची पोहणी

दवाइतकं

धान आणायला निघाले होते तिघं. आणि निघाले कुठून, तर धानाच्याच मुलुखातून!

सौंदडच्या रेल्वे फाटकापासून सडक अर्जुनीच्या ढाब्यांपर्यंत दोन्ही अंगांना बांध्याच बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं. दसरा नुकताच उलटलेला. हलकं, लवकर येणारं धान कापून खळ्यावर पडलेलं, भारी, उशिराचं धान मान टाकायच्या बेतात. कोणाच्याही दारात उभं राहिलं असतं तर सूपभर बियाणं हसत मिळालं असतं. पण नीतूला यातलं एकही चालणार नव्हतं. तिला हवं होतं पाण्याबरोबर चढणारं धान. पाणी वीतभर चढलं की आपणही वीतभर चढायचं, हातभर चढलं की हातभर, आणि पुरुषभर पाण्यातही शेंडा वर ठेवायचा, असं. जुनी माणसं त्याला पोहणी म्हणत. गावात आता त्याचा दाणाही उरला नव्हता.

नीतूची बांधी गावतळ्याच्या पोटात होती. तळ्याची पाळ उंच केल्यापासून श्रावणात तिथं पाणी शिरायचं ते दिवाळीपर्यंत हलायचं नाही. साधं धान आठवडाभर बुडून राहिलं की कुजतं. एक साल कुजलं. दुसऱ्या सालीही कुजलं. आणि तळं खोदणाऱ्या पूर्वजांनी घालून दिलेला कायदा गावात अजून चालत होता: तीन सालं विळा लागला नाही, तर बांधी तळ्याची. पोटातल्या बांधीत सलग तीन हंगाम काहीच कापलं गेलं नाही, की पंच ती काढून घेणार आणि दुसऱ्याला देणार. एक पेंढी कापली तरी चाललं असतं; पण कापायला पेंढी तर हवी!

दोन सालं गेली होती. रायपूरचा संसार मोडून नीतू बापाकडे परत आली होती. बाप, परसराम, गेल्या उन्हाळ्यात गेला. घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं. मागची पडवी तेवढी त्यांनी राहायला दिली. तिथं ती एकटीच रांधायची, एकटीच जेवायची, आणि भांडी मुद्दाम जोरात घासायची, तेवढाच आवाज. 'माझं' म्हणायला त्या गावात बुडकी बांधी उरली होती. पुढच्या पावसाळ्यात तीही गेली, की मग तिथं राहायचं कोणत्या कामासाठी?

सोबत दोघं होते. छोटेलालकाका पन्नाशीपुढचा, मोहफुलांसाठी, मधासाठी जंगल फिरणारा. त्याचा आजा हिरडटोल्याचा. हिरडटोला म्हणजे डोंगरापलीकडचं उठून गेलेलं गाव. त्याला कोणी उठवलं नाही. शाळा, दवाखाना, डांबरी सडक यांच्या मागोमाग एकेक घर खाली उतरलं आणि चाळीस वर्षांपूर्वी शेवटचं दार बंद झालं. तळं मात्र तिथंच राहिलं. तळं काही कोणी डोक्यावर घेऊन जात नाही! त्या पाण्यावर अजून धानाच्या लोंब्या हलतात, हे काकाने पाळीवरून पाहिलं होतं.

दुसरा भुपेंद्र, चुलतभाऊ. बांधी तळ्याची झाली तर पंच ती त्यालाच देणार, हे गावाला ठाऊक होतं. नीतूलाही.

"मंग तू कायले येऊन राहिला?" तिने विचारलं होतं.

"बहीण एकटी जंगलात गेली तर लोक मलेच जोडे मारतील ना वो. अन् पोहणी भेटली नाई, हे सांगाले एक साक्षीदार पाहिजे." तो मोकळेपणाने हसला. त्याच्या लबाडीत लपवाछपवी नसायची, हाच त्याचा गुण.

नीतूच्या पाठीवर हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून आणलेली ट्रकची जुनी ट्यूब होती, घडी घालून बांधलेली. सोबत सायकलचा पंप, विळा, दोरी आणि एक रिकामं पोतं.

"पोहता येते ना तुले?" काकाने विचारलं.

"तळंवाल्यांची पोरगी आहे मी."

"थे नाई इचारलं. पोहता येते का?"

"येते, काका."

दवाने चपला भिजल्या. तिघं जंगलात शिरले.

घोटाभर

नाल्याचं पाणी घोट्याला लागत होतं आणि इतकं निवळ होतं की तळातला एकेक खडा दिसावा. दोन्ही काठांवर ऐनाची काळी, मगरीच्या पाठीसारखी खरबरीत खोडं उभी होती, वर धावड्याचा पाला उन्हात चमकत होता, आणि मध्येच एखादा माहुलाचा वेल मांडीएवढा जाड होऊन झाडामागून झाड चढत कुठे गेला ते दिसू नये असा गेला होता. अभयारण्याची हद्द मागे, डावीकडे राहिली होती. इकडे जिप्सी नाहीत, पर्यटक नाहीत. वाटही नाही. नाला हीच वाट.

मग चिलाटी आली.

चिलाटीला स्वतःच्या खोडावर उभं राहायची ताकद नसते. म्हणून ती दुसऱ्याला धरते. तिचा प्रत्येक काटा मागे वळलेला, मांजराच्या नखासारखा. जाणाऱ्याला ती अडवत नाही. पुढे ओढणाऱ्याला सोडत नाही.

"थांब!" काका ओरडला. भुपेंद्र थांबला नाही. त्याने खांदा घातला, झटका दिला. चर्रर्र! बाही फाटली, कानाला रक्त आलं, आणि गडी जागच्या जागी टांगला गेला.

"मांगं सरक गा! पुढं ओढलं तर थे तुले ठेवून घेते."

"काटा आहे का सरकारी कारकून? सोडतच नाई!"

नीतूने मागून एकेक काटा उलटा फिरवून काढला.

"मले सोडवून राहिली का?"

"शर्ट सोडवून राहिली. तू फुकटात सुटून राहिला."

काका हसला. भुपेंद्रही हसला, आणि कान पुसता पुसता बोलून गेला, "म्हणूनच पंच म्हणतेत, परसरामची पोरगी म्हणजे करगा आहे, करगा!"

हसणं तिथंच थांबलं.

करगा म्हणजे धानात उगवणारं, हुबेहूब धानासारखं दिसणारं तण. खत खातं, पाणी पितं, आणि कापणीच्या आधीच दाणे जमिनीवर टाकून मोकळं होतं. एकदा बांधीत शिरलं की पिढ्यान्पिढ्या निघत नाही. शेतकरी त्याला दिसेल तिथं उपटतो.

"चाल," नीतू म्हणाली.

पाणी नाही

डोंगराची उभी चढण. खडक तापलेला. भुपेंद्र पुढे होता. घसरला, आणि आधाराला हाताशी लोंबणारा वेल ओढला.

वेलावर शेंगा होत्या. मखमलीसारख्या, सोनेरी लव असलेल्या. दिसायला किती देखण्या!

"खाजकुइली!" काका किंचाळला. "डोळे मीट!"

उशीर झाला. नेमका वारा आला. शेंगांवरची लव उडाली आणि ऊन धुरकट झाल्यासारखं वाटलं. पुढच्या क्षणी भुपेंद्र जमिनीवर लोळत होता. मान, गळा, छाती, सगळं नखांनी ओरबाडत होता. "मेलो! मेलो रे बापा! डोळे! माझे डोळे!"

"हात धर त्याचे! चोळू देऊ नको!"

नीतू त्याच्या मनगटांवर बसली. काकाने पाण्यात माती कालवली, मानेवर, हातांवर थापली, वाळू दिली आणि पापुद्र्यासारखी सोलून काढली. लव मातीबरोबर निघाली. डोळे धुतले. पुन्हा धुतले. बाटल्या संपल्या. डोळ्यांच्या पापण्या सुजून लिंबाएवढ्या झाल्या होत्या, उघडत नव्हत्या.

या शेंगांना माकड हात लावत नाही. बी पिकेपर्यंत शेंगेला एवढंच हवं असतं.

"परतू," काका म्हणाला. "याले दवाखान्यात न्या लागते. दिवाळीनंतर येऊ आपण."

"तवर धान राहीन का तिथं?"

"धान कुठं पळून जाते वो? उभं राहीन. पिवळं होऊ दे, मंग त कापाचंच आहे."

दक्षिणेला ढगांची एक निळी भिंत उभी राहत होती. परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. नीतूने ढग पाहिले, भुपेंद्रला पाहिलं. काका म्हणत होता ते शहाणपणाचं होतं. पण आज मागे फिरलं तर पुन्हा तिच्यासाठी कोणी दिवस मोडून या डोंगरावर येणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं.

"तुमी याले घेऊन जा. मी जाईन पुढं."

"एकटी?"

"एकटीच त असतो मी, काका."

काकाने खूप समजावलं, एक शिवीही दिली. शेवटी उतरणीकडे बोट केलं. "दोन ताडं दिसतील, जोडीनं उभी. त्याच्या खाली गाव. गावामांगं तळं. सांडव्याकडे जाऊ नको; फुटून राहिला आहे तो, पाणी तिथून खडकावर पडते. उद्या दुपारी मी येतो."

भुपेंद्र मातीने माखलेला, मिटल्या डोळ्यांनी बसला होता. त्याने चाचपडत आपला डबा काढून पुढे केला. "पोळ्या आहेत. अन् नीतू, ट्यूब आधी काठावर फुगवून पाहा. थे पंक्चरवाला चोट्टा आहे."

गुडघाभर गवत

फांदी बाजूला केली की ती झटकन सोडायची नाही, मागच्याच्या तोंडावर बसते, ही जंगलातली रीत. नीतू फांदी धरून ठेवत होती. मग आठवायचं. मागे कोणी नव्हतं. मग सोडायची.

पुढची फांदी पुन्हा धरून ठेवायची.

ताडांची जोडी दिसली. गाव दिसलं नाही, पायाला लागलं. गवतात दगडी चौथरा. मग दुसरा. एका उखळात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात एक बेडूक, घरमालकासारखा. पिंपळाने एक अख्खी भिंत अंगात घेतली होती. भिंत पडली तरी पिंपळ भिंतीच्या आकाराचाच उभा होता.

माणसं गेल्यावर इथल्या झाडांचीही वाटणी झाली होती. सीताफळं माजली होती. त्यांना कोणी लागत नाही. एका परसात हळद अजून होती, ओळ मोडून, रानभर. पण केळी नव्हती. पानवेल नव्हता. वांगं, मिरची, दोडका, काही नाही. ज्यांना रोज कोणाचा तरी हात लागायचा, ती सगळी माणसांमागोमाग गेली होती. रस्त्याने नव्हे, इतकंच.

"कोणी आहे का?" नीतूने उगाच हाक दिली.

आपलाच आवाज ऐकून तिला बरं वाटलं नाही.

छातीइतकं

तळं!

पाळीवर चढली आणि समोर आभाळाएवढं पाणी. काठाला कमळं, मध्ये दोन-चार बुडून वाळलेली झाडं, आणि त्यापलीकडे, पार खोल पाण्यात, हिरवं. पाण्यावर लांब पात्या आडव्या पसरलेल्या, आणि त्यांच्यातून वर आलेल्या लोंब्या वाऱ्यावर हलत होत्या.

"पोहणी!" ती ओरडली. मुनियांचा एक थवा उडाला, वळला आणि पुन्हा लोंब्यांवर बसला.

तिने ट्यूब फुगवली, कान लावून ऐकली. पंक्चरवाला चोट्टा नव्हता. पोतं ट्यूबला बांधलं, पोत्याच्या दोरीचं दुसरं टोक कमरेला, आणि पाण्यात उतरली. घोटा. गुडघा. कंबर. पाणी छातीशी आलं, पाय सुटले. ती पोहू लागली.

जवळून पोहणी काही औरच दिसत होती. दाण्यांना बोटभर लांब तांबडी कुसळं. पण ताट धानाचंच, पात धानाचीच. तिचा हात आपोआप चालला. लहानपणापासून चालत आलेला हात: डाव्या मुठीत ताटं आवळायची, उजव्या हाताने विळा, एक झटका.

मूठ आवळली.

सर्रर्र!

दाणे सुटले. पाण्यावर पडले, क्षणभर तरंगले, कुसळं वर करून उभे झाले आणि खाली गेले. मुठीत रिकामी काडी.

दुसरी मूठ. सर्रर्र! तिसरी. सर्रर्र! तिच्या हाताचा वास आला तरी गळावं असं ते धान गळत होतं. तिने वाकून बघितलं, तर अर्ध्या लोंब्या आधीच रिकाम्या झालेल्या, आणि उरलेले दाणे अजून हिरवेच! पिवळं होईस्तोवर हे थांबतच नव्हतं. दिवाळीनंतर आले असते, तर काड्या कापल्या असत्या.

विळा कमरेला खोवला. ओढणी सोडली, ट्यूबच्या पोटात झोळीसारखी बांधली. लोंब्या अलगद वाकवून झोळीवर आणल्या आणि फक्त टिचकी मारली. पाऊस! दाण्यांचा पाऊस! झोळी भरली की पोत्यात. पुन्हा झोळी. कुसळं गळ्यात, केसांत, कानात. हात चिरत होते. ती गाऊ लागली, तुटक, सुराबिराशिवाय. उन्हं कलली तेव्हा पोतं निम्मं झालं होतं.

अख्खी बांधी पेरता येईल एवढं!

मिळालं. तिने पोत्याचं तोंड करकचून बांधलं. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मुनियांना सांगितलं.

मुनिया नव्हत्या. कधी उडून गेल्या, तिला कळलंच नव्हतं.

पुरुषभर

ढगांची भिंत डोक्यावर आली होती.

वारा आला तो पाळीकडूनच. ट्यूब गर्रकन फिरली. पाऊस नव्हे, पाण्याच्या काठ्या! काठ दिसेना. नीतू पाय मारत होती, ट्यूब उलटीच जात होती. आणि पावसाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज, जाड, सलग. पाणी खडकावर पडत होतं.

सांडवा!

तिने पोहणीला हात घातला. पहिली जुडी हातातून सरकली, पातीच्या धारेने तळवा कापला. दुसरी मनगटाला गुंडाळली. ताणली गेली. लांब, लांब, आणखी लांब. तुटली नाही! खाली दोन पुरुष खोल चिखलात कुठेतरी तिचं मूळ रुतलेलं होतं, आणि ते सोडत नव्हतं.

लाट आली. ट्यूब उचलली गेली. वाळलेल्या झाडाचा एक खुंट.

फट्ट!

दोन पुरुष

खाली.

हिरवं.

डोळे उघडे. आवाज नाही. वर वादळ होतं, इथं काहीच नव्हतं. कमरेची दोरी ओढत होती, पोतं. सोडलं नाही.

आणि समोर, चारही बाजूंना, ताटंच ताटं. चिखलातून निघून वर गेलेली. प्रत्येकाला हाताहातावर गाठ. गाठीला पांढऱ्या मुळांची दाढी. पाणी वाढलं, एक गाठ. पाणी वाढलं, आणखी एक. सबंध पावसाळा या गाठींत उभा होता.

तिने ताटांची जुडी धरली.

गाठ.

हात वर.

गाठ.

छाती फुटते आहे.

गाठ.

गाठ.

उजेड

हवा!

पुन्हा छातीइतकं

ती किती वेळ जुडीमागून जुडी धरत काठाकडे आली, कोणास ठाऊक. पाय टेकले तेव्हा तिला हसू आलं आणि लगेच रडू. पोतं कमरेलाच होतं. पाळीवरच्या एका जुन्या आंब्याच्या ढोलीत तिने अंग चोरलं, भुपेंद्रच्या ओल्या पोळ्या खाल्ल्या आणि रात्र कशीबशी काढली.

सकाळी तळं असं शांत होतं, जणू कोणी कालचं पुसून टाकलं.

पोहणी उभी होती. सरळ, ताठ. जास्तच ताठ! नीतूने डोळे चोळले. लोंब्यांवर दाणाच नव्हता. वादळाने एका झटक्यात सगळं झोडपून पाण्यात टाकलं होतं. ओझं उतरलेल्या काड्या हलक्या होऊन आभाळाकडे बघत होत्या.

सगळ्या?

नाही. तिथं एक वाकलेली होती. मान टाकलेली. पलीकडे आणखी एक.

ती पाण्यात उतरली, जुड्या धरत धरत तिथवर गेली. लोंबी भरलेली होती. वादळ अंगावरून गेलं तरी दाणे जागेवर. तिने भीत भीत मूठ आवळली.

काही गळलं नाही.

विळा लावला. झटका. लोंबी हातात आली, दाण्यांसकट, शहाण्या धानासारखी.

नीतू गळाभर पाण्यात थांबली आणि तिला ते सगळं एकदम समजलं.

माणूस होता तेव्हा हे धान थांबायचं. पिकलं तरी दाणा धरून ठेवायचं, कारण कोणीतरी विळा घेऊन येणार होतं, नेणार होतं, पुढच्या साली पेरणार होतं. मग माणसं गेली. जे थांबलं त्याचे दाणे मुनियांनी खाल्ले. जे आधीच गळालं ते चिखलात लपलं आणि उगवलं. साल गेलं, दहा गेली, चाळीस गेली. येणारं कोणी नाही म्हटल्यावर धानाने वाट पाहणं सोडून दिलं. फक्त कुठं कुठं, शंभरात एखादं, अजून धरून उभं होतं.

आणि जे गळतं, त्याला काय म्हणतात?

तिने पाळीवरच्या पोत्याकडे पाहिलं. निम्मं पोतं. एकेक दाणा टिचकीसरशी सुटलेला. ते पोतं म्हणजे निवडून निवडून गोळा केलेला करगा होता!

ती काठावर येऊन पोत्याशेजारी बसली. हे पेरलं तर उगवेल. पाण्याबरोबर चढेलही. बांधी भरून जाईल. पंचांना दाखवायला एक पेंढी नक्की निघेल. बांधी तिची राहील. मग उरलेला दाणा गळेल. गावतळ्याच्या चिखलात बसेल, आणि तुडूम उघडलं, तळ्याचं दार उघडून पाणी सोडलं, की पाण्याबरोबर खालच्या सगळ्या बांध्यांत उतरेल. चुलत्यांच्या. पंचांच्या. भुपेंद्रच्या. दोन-तीन सालं कोणाला कळणारही नाही की आलं कुठून.

कळणार नाही, हे तिने दोनदा मनात म्हणून पाहिलं. गोड लागलं. ते खोटं कशाला सांगा!

मग तिने पोत्याचं तोंड सोडलं आणि तळ्यात पालथं केलं. कुसळं उभी राहिली, एकेक करून खाली गेली. पोतं झटकलं, उलटं केलं, शिवणीत अडकलेले दाणेही वेचून टाकले.

आणि पुन्हा पाण्यात उतरली. मान टाकलेल्या लोंब्या शोधायला.

दुपारी काका आला, धापा टाकत. तिला जिवंत पाहून आधी त्याने आभाळाला हात जोडले, मग शिव्या घातल्या.

"भुपेंद्र?"

"डोळे उघडले त्याचे. दवाखान्यात चहाले नावं ठेवून राहिला." त्याने फाटकी ट्यूब पाहिली, पोतं पाहिलं. "पोतं रिकामं काऊन?"

नीतूने ओढणी उघडली. एक ओंजळ लोंब्या होत्या.

"बस? येवढ्यासाठी जीव देऊन राहिली होती?"

तिने एक लोंबी त्याच्या तळहातावर ठेवली. "झटका."

काकाने झटकली. जोरात झटकली. दगडावर आपटली. मग वाकून दगड पाहिला, लोंबी पाहिली, आणि ती जपून परत तिच्या ओढणीत ठेवली.

पुरुषभर, उतरतं

ज्येष्ठात तिने ओंजळीतलं धान बांधीच्या एका कोपऱ्यात टोचलं. सगळीकडे पुरलंच नसतं. श्रावणात पाणी शिरलं. कोपरा बुडाला. गाव म्हणालं, गेलं. नीतू रोज पाळीवर येऊन बसायची. शेजारी कोणी बसत नसे. तिसऱ्या दिवशी पाण्यावर एक पात आडवी झाली. मग दुसरी. पाणी चढलं, पात्या चढल्या. एकदा भुपेंद्र मागे येऊन उभा राहिला, हात पाठीशी बांधून. "किती वाढते वो ही! भाड्यानं शिडी लावली का खाली?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता गेला.

मधल्या काळात ज्या ताटाचा दाणा बोट लागताच सुटला, ते तिने मुळासकट उपटून चुलीत घातलं. ओंजळीतही चुकार निघालेच.

कार्तिकात पंच पाळीवर आले. कैलाश पंच सगळ्यात म्हातारा. खाली पाण्यात नीतू, नवी ट्यूब, विळा. तिने डावी मूठ आवळली.

झटका!

पेंढी वर धरली. दाणा जागचा हलला नव्हता.

"लागला विळा," कैलाश पंच म्हणाला. "बांधी परसरामच्या पोरीची."

टाळ्या वाजल्या नाहीत. गावात अशा गोष्टींना टाळ्या वाजत नाहीत. जेवणाची वेळ झाली होती. एकेक जण पाळ उतरून गेला. भुपेंद्र जरा रेंगाळला, मग तोही गेला.

नीतू पाण्यातच राहिली. कोपऱ्यात अजून पोहणी उभी होती, मान टाकून, दाणे धरून. तिने पुढची मूठ आवळली.